वॅक्स दर महिन्याला उडून जातंय? लावण्याआधीची तयारी तपासा

गाडी धुतली, सावलीत उभी केली, दोन तास राबून वॅक्स लावलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी उन्हात बघावं तर बॉनेटवर ढगाळ पट्टे. तिसऱ्या आठवड्यात पाऊस येतो तेव्हा थेंब मोत्यांसारखे उभे राहत नाहीत, पत्र्याला चिकटून पसरतात. मग पुन्हा डबा उघडायचा आणि पुन्हा एक रविवार त्यात घालवायचा. ज्यांच्या बाबतीत हे सारखं होतंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

माझ्या गडद निळ्या गाडीवर हा प्रकार वर्षभर चालला. वॅक्स बदललं, फडकी बदलली, शांपू बदलला. शेवटी एक साधा प्रयोग केला. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी मारली. डावी बाजू नेहमीसारखी फक्त धुतली. उजव्या बाजूवर पुढे सांगितलेली सगळी तयारी केली. मग दोन्हीकडे एकाच डब्यातलं वॅक्स एकाच दुपारी लावलं. तीन आठवड्यांनी डावीकडे पाणी पसरायला लागलं. उजवीकडे नवव्या आठवड्यातही थेंब गोल होते. त्या दिवसापासून मी वॅक्सच्या डब्याला दोष देणं सोडलं.

वॅक्स नेमकं कशावर बसतं

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. आपण वॅक्स लावतो ते या क्लिअरकोटवर, आणि पुसून झाल्यावर मागे राहणारा वॅक्सचा थर त्याहून कितीतरी पातळ असतो.

इतक्या पातळ थराला खाली स्वच्छ क्लिअरकोट मिळाला तर तो धरून बसतो. मध्ये पॉलिशचं तेल, सिलिकॉन, जुन्या वॅक्सचे तुकडे किंवा रस्त्याचा ओशटपणा असला तर वॅक्स त्याच्यावर बसतं, आणि तो ओशटपणा धुण्यात सुटला की वॅक्सही सोबत जातं. रंगात रुतलेल्या कणांची गोष्ट थोडी वेगळी. ते जागचे हलत नाहीत, पण त्यांच्या वर आलेल्या टोकांवरून वॅक्स आधी घासलं जातं आणि मग तिथूनच पाणी पत्र्याला धरायला लागतं.

आधी खात्री करा की वॅक्स खरंच गेलंय

ही पायरी बहुतेक जण गाळतात. थेंब बनायचे थांबले म्हणजे वॅक्स संपलं, असं आपण धरून चालतो. पण कित्येकदा वॅक्स जागेवर असतं आणि त्याच्यावर धुळीचा, धुराचा, क्षारांचा पातळ थर साचलेला असतो. पाणी त्या थराला चिकटतं. अशा गाडीवर नवीन वॅक्स लावलं तर ती घाण दोन वॅक्सच्या मध्ये दाबली जाते. पट्टे उमटण्याचं आणि वॅक्स न टिकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

त्यामुळे आधी गाडी नीट धुवा. ज्या शांपूत वॅक्स मिसळलेलं असतं तो या कामाला घेऊ नका, तो स्वतःच एक थर मागे ठेवतो आणि चाचणी फसते. साधा, गाडीसाठीचा, वॅक्स नसलेला शांपू घ्या. धुतल्यावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ पाणी मारून फेस पूर्ण काढा. फेसाचा अंश राहिला तरी पाणी सपाट पसरतं, आणि वॅक्स गेल्यासारखं वाटतं.

मग स्वच्छ पाण्याची धार बॉनेटवर, टपावर आणि एका दरवाजावर सोडून बघा. सगळीकडे थेंब गोल उभे राहिले तर वॅक्स शाबूत आहे. गाडी नुसती मळली होती, आज वॅक्स लावायची गरज नाही. पाणी सगळीकडे सपाट पसरून बसलं तर वॅक्स गेलं आहे किंवा घाण शांपूच्या आवाक्याबाहेरची आहे. सगळ्यात त्रासदायक तिसरा प्रकार: तळहाताएवढ्या जागेत थेंब, शेजारी सपाट पाणी, पुन्हा थेंब. याचा अर्थ जुनं वॅक्स तुकड्यातुकड्यांनी उरलंय. याच गाडीवर नवं वॅक्स ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, कारण काही ठिकाणी ते जुन्या वॅक्सवर बसतं आणि काही ठिकाणी उघड्या क्लिअरकोटवर.

गोल थेंब म्हणजे स्वच्छ रंग असं मात्र समजू नका. थेंब फक्त पृष्ठभागावर पाणी ढकलणारं काहीतरी आहे इतकंच सांगतात. खाली काय रुतलंय ते त्यांच्यावरून कळत नाही. ते हाताने बघावं लागतं.

पिशवीची चाचणी

धुतलेल्या, ओल्या पत्र्यावर नुसता हात फिरवला तर तो बहुधा गुळगुळीत लागतो. आता हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि त्याच जागेवर बोटांची टोकं अलगद सरकवा. पिशवीमुळे कातडीचं घर्षण जातं आणि बारीक उंचवटे स्पष्ट जाणवतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मला धक्का बसला होता. ज्या बॉनेटवर मी महिनोन् महिने वॅक्स लावत होतो तो बारीक पॉलिश पेपरसारखा लागला.

बॉनेट, टप, डिकीचं झाकण आणि दरवाजांचा खालचा तिसरा हिस्सा, या चार जागा नक्की तपासा. आडव्या भागांवर वरून पडणारं सगळं साचतं. खालच्या भागांवर चाकांनी उडवलेलं डांबर आणि ब्रेकची पूड बसते. बाकीची गाडी गुळगुळीत आणि खालची पट्टी खरखरीत, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. तसं असेल तर मेहनत तिथेच घ्या.

खरखरीत लागणारे हे कण बरेचदा लोखंडाचे असतात. ब्रेकची डिस्क बिडाची असते. ब्रेक दाबला की तिची पूड उडते, आणि गरम कण रंगावर बसतात. रेल्वेमार्गाजवळ किंवा जिथे लोखंड घासण्या-कापण्याचं काम चालतं तिथे उभी राहणारी गाडी तर या कणांनी भरून जाते. पाणी लागलं की कण गंजतात आणि क्लिअरकोटमध्ये घट्ट बसतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. गडद गाडीवर दिसत नाहीत म्हणून नाहीत असं वाटतं.

भांडी घासायच्या लिक्विडबद्दल

जुनं वॅक्स काढायला भांड्यांचं लिक्विड वापरा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. हे लिक्विड तेल सोडवतं, नैसर्गिक वॅक्सचा थर थोडा झिजवतं, हे खरं. पण सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम द्रव्यांचा संरक्षक थर, त्याने नीट निघत नाही, आणि डांबर किंवा लोखंडाचे कण तर त्याला अजिबात दाद देत नाहीत. धुतल्यावर पाणी सपाट पसरतं आणि आपण खूश होतो. बऱ्याचदा तो साबणाचाच अंश असतो. नीट पाणी मारलं की थेंब परत येतात. शिवाय ते लिक्विड दरवाजांच्या रबरासाठी आणि काळ्या प्लॅस्टिकसाठी बनवलेलं नाही. जुना थर काढायचे यापेक्षा भरवशाचे मार्ग पुढे आहेत.

सफाईचा क्रम

काम सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असताना करा. उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा सहज ६० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. अशा पत्र्यावर कुठलंही रसायन सुकतं आणि स्वतःचेच डाग सोडून जातं.

चाकं आणि टायर सगळ्यात आधी धुवा, वेगळ्या बादलीत आणि वेगळ्या ब्रशने. नंतर अंगाला हात लावण्याआधी पाण्याच्या जोराने किंवा फेसाने सुटी माती उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खंगाळा आणि मगच शांपूत बुडवा. वरून खाली या. हे सगळे जाणतात म्हणून जास्त लांबवत नाही.

मग डांबर. दरवाजांच्या खाली, चाकांच्या कमानींमागे काळे चिकट ठिपके असतात. नखाने खरवडू नका. टार रिमूव्हर कापडावर घ्या, ठिपक्यावर मिनिटभर धरून ठेवा आणि अलगद पुसा. डांबर विरघळून कापडावर तपकिरी उतरतं. रॉकेलनेही डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो, आणि तोच पुढे वॅक्सला नीट बसू देत नाही. काहीही वापरलं तरी ती जागा नंतर शांपूने पुन्हा धुवा. थिनरच्या वाटेला जाऊ नका. तो डांबरासोबत रंगावरही हल्ला करू शकतो, विशेषतः एखादा भाग नंतर रंगवलेला असेल तर.

डांबर आधी आणि लोखंड नंतर, असं मी करतो, कारण डांबराच्या थराखाली कण झाकलेले असले तर त्यांच्यापर्यंत औषध पोचतच नाही.

आयर्न रिमूव्हर आणि जांभळे ओघळ

लोखंडाचे कण काढायचं औषध फवाऱ्याने मारतात. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी मिळून पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार करतं, आणि तो जांभळा दिसतो. केसांना कायमचे कुरळे करायच्या औषधातही याच जातीचं रसायन असतं, म्हणून दोन्हींचा वास सारखा, सडक्या अंड्यांसारखा येतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा.

गार, धुतलेल्या पत्र्यावर फवारा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर ती पाळा. सुकू मात्र देऊ नका. सुकायला लागलं की लगेच पाणी मारा. जांभळे ओघळ दिसले म्हणजे औषध काम करतंय. पाण्याने पूर्ण धुवा आणि पिशवीने पुन्हा तपासा. ओघळ खूप आले असतील तर त्या भागावर दुसऱ्यांदा मारा. मारून काहीच रंग बदलला नाही तर लोखंड नाही आणि खरखर दुसऱ्या कशाची तरी आहे. ही माहितीही कामाची आहे.

हे औषध क्लेच्या (घाण ओढून घेणारी मऊ वडी, पुढची पायरी) आधी वापरायचं कारण साधं आहे. कठीण कण जितके रसायनाने विरघळतील तितके क्लेसोबत रंगावरून घासले जाणार नाहीत.

क्ले: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जपून करायची पायरी

डिटेलिंगची क्ले म्हणजे मऊ प्लॅस्टिकसारख्या पदार्थात अतिशय बारीक घासणारे कण मळलेली वडी. रंगाच्या वर डोकं काढून बसलेली घाण ती पकडते आणि आपल्यात ओढून घेते: झाडांचा वाळलेला चीक, उडालेल्या स्प्रे पेंटचे थेंब, उरलेले लोखंडाचे कण. मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रतींत ती मिळते. घरच्या कामासाठी मऊच घ्या. मध्यम किंवा कडक क्लेने काम लवकर होतं, पण धूसर ओरखडे येतात, आणि ते घालवायला मग पॉलिश करावंच लागतं.

अख्खी वडी हातात घेऊ नका, एक तुकडा तोडा. तो पडून वाया गेला तरी बाकीची वडी राहते. तुकडा कोमट पाण्यात जरा धरून मळा आणि तीन बोटांत मावेल अशी चपटी चकती करा. पत्र्याचा साधारण ४० सेंटिमीटर चौरस भाग घ्या आणि त्यावर क्ले ल्युब्रिकंट किंवा शांपूचं पाणी सढळ हाताने मारा. कंजूषी इथे रंगावर निघते. मग चकती सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा, गोल गोल नाही. सरळ फिरवल्यावर एखादा ओरखडा आलाच तर तो गोल ओरखड्यांच्या जाळ्याइतका प्रत्येक कोनातून चमकत नाही. जोर किती? चकती हातातून निसटणार नाही इतकाच. सुरुवातीला ती अडखळते, खरखर आवाज येतो. थोड्या फेऱ्यांत आवाज थांबतो आणि चकती पाण्यावर तरंगल्यासारखी सरकते. तिथे थांबा. गुळगुळीत झालेल्या जागी आणखी घासून हाती काही लागत नाही.

दर एक-दोन भागांनंतर चकती उलटून बघा. मळ दिसला की घडी घाला, मळा, नवीन बाजू बाहेर काढा. आणि तुकडा जमिनीवर पडला तर फेकून द्या. धुऊन चालेल असं वाटतं, पण त्यात शिरलेला वाळूचा एक कणही बॉनेटभर रेघ ओढू शकतो. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दरवाजावर अशी एक रेघ होती, ती पॉलिशने घालवताना मला पूर्ण दुपार लागली.

प्रत्येक वेळी वॅक्स लावताना क्ले लागतेच असं नाही. पिशवीची चाचणी गुळगुळीत म्हणत असेल तर सोडून द्या. रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीलाही वर्षातून दोनदा पुरे होते. क्लेने जुनं वॅक्स बरंचसं निघतं, पण सगळं निघालं असं धरू नका.

पाण्याचे डाग

क्षारांचं पाणी पत्र्यावर सुकलं की पांढऱ्या कडांची वर्तुळं राहतात. पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. हे शांपूने जात नाहीत, क्लेनेही फारसे जात नाहीत. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळा, कापड ओलं करून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. कडा गेल्या तर डाग वरवरचा होता.

कडा गेल्या आणि तरी वर्तुळाचा ठसा दिसतोय, तर क्लिअरकोट तिथे कोरला गेलाय. पक्ष्यांच्या शिटेने आणि फुटलेल्या किड्यांनीही असेच खड्डे पडतात, कारण त्यात आम्ल असतं आणि उन्हात ते झपाट्याने काम करतं. हे ठसे कुठल्याही रसायनाने भरत नाहीत. उथळ असतील तर पॉलिशने जातील. आणि ते तसेच ठेवून वर वॅक्स लावलं तर ते जास्त उठून दिसतात.

पॉलिश करायचं की नाही

पॉलिश आणि वॅक्स या दोन शब्दांची सरमिसळ फार होते. पॉलिश घासतं, रंगाचा अतिशय पातळ थर काढून पृष्ठभाग सपाट करतं. वॅक्स काही काढत नाही, वर थर ठेवतं. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत असतील तर ते पॉलिशचं काम आहे. वॅक्सने थोडे दिवस झाकले जातील, एवढंच.

पण दर वेळी वॅक्सच्या आधी रबिंग करून घ्यायची सवय मोडा. क्लिअरकोट ३५-५० मायक्रॉनचाच आहे आणि तो पुन्हा वाढत नाही. हलकं पॉलिश त्यातला मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी नेतं, जाड कंपाउंडने मशीनवर केलेलं रबिंग कित्येक मायक्रॉन नेऊ शकतं, आणि पत्र्याच्या कडांवर तर थर आधीच पातळ असतो. उन्हाच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यं या क्लिअरकोटमध्येच असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ओरखडे खरोखर खुपत असतील तेव्हाच, सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड, आणि आधी एका फूटभर जागेवर करून बघून. मशीन नसेल तर हाताने लावायचा प्री-वॅक्स क्लीन्सर घ्या. त्यात सौम्य घासणारे कण आणि विरघळवणारी द्रव्यं दोन्ही असतात. तुकड्यातुकड्यांनी उरलेलं जुनं वॅक्स काढायला मला याच्याइतकं सोपं दुसरं काही सापडलेलं नाही.

शेवटचं पुसणं, जे माझ्याकडून वर्षभर राहत होतं

पॉलिश केल्यावर रंग इतका सुंदर दिसतो की आपण तसंच वॅक्स लावायला घेतो. पण ती चमक काही प्रमाणात पॉलिशमधल्या तेलांची असते. ती तेलं बारीक ओरखड्यांत भरून बसतात आणि वॅक्सला, त्याहून जास्त सिंथेटिक सीलंटला, क्लिअरकोटपर्यंत पोचू देत नाहीत. माझ्या गाडीवरच्या ढगाळ पट्ट्यांचं मूळ इथेच होतं.

यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून वापरतात. तयार मिश्रणात अल्कोहोल १५ ते २५ टक्के असावं. बाजारात ते बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं. त्याच्या एका भागात दोन भाग पाणी घातलं की साधारण २३ टक्क्यांचं मिश्रण होतं, तीन भाग घातलं की साडेसतराचं. जास्त तीव्र वापरून जास्त सफाई होत नाही. क्लिअरकोट मऊ पडण्याचा आणि पुसताना ओरखडे येण्याचा धोका मात्र वाढतो. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा आसपास आग नको आणि बंद गॅरेज नको.

एका वेळी अर्धा दरवाजा घ्या. फवारा, काही सेकंद थांबा, स्वच्छ फडक्याने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने हात फिरवा. फडकं सरकताना किंचित अडतं, पकड जाणवते. तेल गेल्याची ती खूण. आता उघडा रंग थोडा निस्तेज वाटेल, पॉलिशने झाकलेले ओरखडेही दिसायला लागतील. घाबरू नका, खरी स्थिती आत्ता दिसतेय.

फडक्यांवर एक परिच्छेद खर्च करतो, कारण हे कारण कुणाला सुचत नाही. मायक्रोफायबरची फडकी कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरमध्ये धुतली असतील तर त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि प्रत्येक पुसण्यासोबत रंगावर उतरतो. सगळी तयारी या एका गोष्टीने वाया जाते. फडकी वेगळी, साध्या लिक्विड डिटर्जंटने धुवा, सुती कपड्यांबरोबर नको. शिवलेली कडक लेबलं कापून टाका. टायर चमकवायचं किंवा डॅशबोर्डचं सिलिकॉन ज्या फडक्याने पुसलं ते पुन्हा रंगाला लावू नका.

वॅक्स लावताना

तयारी नीट झाली असेल तर हा भाग थोडक्यात आटपतो. आरशांत, चिन्हांमागे, दरवाजांच्या फटीत अडकलेलं पाणी आधी काढा, नाहीतर अर्ध्या कामात ओघळ येतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. वॅक्स पातळ लावा, अगदी धूसर पडदा दिसेल इतकंच. जाड थर टिकत नाही, तो फडक्यातच जातो आणि पट्टे सोडतो. बोटाने एक रेघ ओढून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, फासली गेली तर थांबा.

नैसर्गिक वॅक्समध्ये मुख्य घटक बहुधा कार्नोबा असतो, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तयार होणारं मेण. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डब्यात ते तेलं आणि द्रावकांसोबत मऊ केलेलं असतं. म्हणून तापलेल्या बॉनेटवर ते दरवाजांपेक्षा लवकर जातं. बॉनेट आणि टप आधी उघडे पडले तर ती तुमची चूक नाही. दुसरा हात द्यायचा असेल तर १२ ते २४ तासांनी द्या. सीलंट आणि कार्नोबा दोन्ही वापरत असाल तर सीलंट खाली, कार्नोबा वर. उलट केलं तर सीलंटला वॅक्सवर धरता येत नाही.

तरीही जमलं नाही तर

पुसल्यावर लगेच पट्टे दिसतात: वॅक्स जाड लागलं, पत्रा गरम होता किंवा हवेत ओल जास्त होती. ओलसर स्वच्छ फडक्याने एकदा, मग कोरड्याने पुसा. नाही गेलं तर त्याच वॅक्सचा अगदी पातळ हात पुन्हा फिरवून लगेच पुसा. त्यातलं द्रावक जुना जाड थर सैल करतं.

त्या दिवशी छान दिसलं आणि दुसऱ्या सकाळी धुरकट पडदा आला, तर वॅक्समधली तेलं आणि द्रावकं वर येत आहेत. स्वच्छ फडक्याने हलका हात मारा. दोन-तीन दिवस येत राहिलं तर थर जाड आहे किंवा खाली पॉलिशचं तेल राहिलंय.

फक्त दरवाजांच्या खालच्या पट्टीत टिकत नाही: टायरला लावलेलं चमकदार द्रव्य फिरत्या चाकाने उडतंय का बघा. ते सिलिकॉन असतं. टायरवर कमी लावा, पुसून सुकू द्या, मग गाडी काढा.

तयारी सगळी केली, तरी प्रत्येक धुण्यानंतर थेंब कमी होत गेले: गाडी बाहेर धुऊन घेत असाल तर तिथला फेस तीव्र अल्कलीचा असू शकतो. तो चिखल झटकन सोडवतो आणि वॅक्सही नेतो. महिनाभर घरी सौम्य शांपूने धुऊन फरक पडतो का बघा.

काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग बसले असतील तर साधं पांढरं खोडरबर चोळून बघा, बहुतेकदा निघतात.

मॅट रंगाच्या गाडीवर यातलं काहीच करू नका, क्ले आणि पॉलिशने तिचा मॅटपणा जातो आणि जागोजागी चकचकीत डाग पडतात. सिरॅमिक कोटिंग किंवा रंगावर पारदर्शक फिल्म असेल तर क्ले हातात घेण्याआधी ती बसवणाऱ्याला विचारा.

आणि एकच पॅनल सतत त्रास देत असेल, बाकी गाडी ठीक असेल, तर तो नंतर रंगवलेला आहे का ते आठवा. ताज्या रंगातून द्रावकं बाहेर पडत असतात, म्हणून रंगवल्यावर वॅक्स लावायला साधारण ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात. नेमकं किती ते रंगवणाऱ्याकडून घ्या, आणि तोवर अल्कोहोलही फिरवू नका. रंग जुना आहे, पॅनलवर पांढरट, कडा सुटल्यासारखे चट्टे आहेत आणि ते ओले केल्यावर नाहीसे होऊन सुकल्यावर परत येतात, तर तिथला क्लिअरकोट संपलाय. अशा जागी पिशवी, क्ले, अल्कोहोल काही करू नका, घासल्याने चट्टा वाढतो. तो पॅनल पुन्हा रंगवूनच घ्यावा लागेल.